मुलांकडे परदेशी राहायला जायचे, तर आधी गावातले कागद जुळवा

मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, पगार चांगला आहे, घर मोठे आहे. तरीही आई-वडिलांनी त्याच्याकडे कायमचे जाऊन राहावे, असा कुठलाही व्हिसा अमेरिका त्या नोकरीच्या जोरावर देत नाही. त्याच्या बायकोला मिळतो, एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना मिळतो. आई-वडील त्या हिशेबात बसत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगायचे कारण असे, की आपल्या नगर जिल्ह्यातून या कामाला लागणारी मंडळी बहुधा उलट्या टोकाने निघतात. आधी एजंट गाठायचा, त्याच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग मुलाला विचारायचे, की बाबा, तुझे तिथले स्टेटस काय? खरे तर सगळे घोडे त्या एका प्रश्नावरच अडते किंवा पुढे जाते. तुमच्या नावावर किती एकर आहे याला नंतर महत्त्व; मुलगा किंवा मुलगी त्या देशात कोणत्या कागदावर राहते, ते आधी. तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, कायम वास्तव्याच्या परवान्यावर, की तिथले नागरिकत्व घेऊन? फोन लावा, विचारा, आणि त्या कागदाची प्रत मागवून घ्या.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. नातवाचे तोंड पाहून, चार-सहा महिने राहून परत यायचे आहे, की बिऱ्हाडच हलवायचे आहे? या दोन वाटा वेगळ्या आहेत. भेटीचा व्हिसा घेऊन ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणारे पुढे अडचणीत येतात, आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या नातेवाइकांनाही त्याचा त्रास होतो.

अमेरिकेचे आधी बघू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथलेच. मुलाला ग्रीन कार्ड मिळाले की आई-बापाला नेता येते, ही समजूत चुकीची आहे. ग्रीन कार्डवाल्याला नवरा-बायको आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो, आई-वडिलांसाठी नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि तिचे वय २१ पूर्ण असेल, तर ती ‘आय-१३०’ हा अर्ज भरते. आईसाठी वेगळा, वडिलांसाठी वेगळा. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, त्यामुळे भावा-बहिणींच्या अर्जांना लागते तशी वर्षानुवर्षांची रांग इथे नसते. मुलाला ‘आय-८६४’ हे हमीपत्र द्यावे लागते. त्यात त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवायचे असते, आणि ही रेषा ठरवताना घरातल्या माणसांत तुम्हालाही मोजतात. मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

पण ग्रीन कार्ड घेण्याआधी नीट विचार करा. ते तिथे राहणाऱ्यासाठी आहे. दिवाळीला जायचे, कांदा निघायला आला की परत यायचे आणि मग पुढच्या वर्षी बघू, असे त्यात चालत नाही. परवानगी न काढता वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहिलात तर ते कार्ड गेल्यातच जमा होते. त्याहून कमी पण वारंवार राहिलात तरी विमानतळावर प्रश्न विचारतात. ज्यांनी तिथे कधी नोकरी केली नाही अशा ज्येष्ठांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा पैसे भरूनही घेता येतो तो पाच वर्षे सलग राहिल्यावर. तोवरचा दवाखान्याचा खर्च मुलाच्या खिशातून. ज्यांचा जीव शेतीत, मळ्यात, माणसांत अडकलेला आहे त्यांनी भेटीच्या बी-२ व्हिसावरच जाऊन यावे, असे माझे मत आहे. मुले रागावली तरी चालतील.

कॅनडाने मधला रस्ता काढला आहे आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्याला सुपर व्हिसा म्हणतात. तो २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला. मुलगा किंवा नातू तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असला, की आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना अर्ज करता येतो. जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. अटी तीन महत्त्वाच्या: मुलाचे उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरवलेल्या किमान रकमेइतके हवे, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि वर्षभराचा आरोग्य विमा हवा, आणि त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायला हवी. बोटांचे ठसे द्यायला पुण्याचे केंद्र आपल्याला जवळ. कायमचे नेण्याची त्यांची वेगळी योजना आहे, पण तिथे चिठ्ठ्या टाकून नावे निघतात आणि पुढच्या वर्षांतली आमंत्रणेही २०२० साली नाव नोंदवलेल्यांमधूनच गेली. तिच्या भरवशावर इथले घर मोडू नका.

बाकीचे देश थोडक्यात. ऑस्ट्रेलियात कायमच्या व्हिसाच्या साध्या रांगेत वाट पाहायची म्हणजे दशके जातात; पैसे मोजून लवकर सरकणाऱ्या रांगेतही माणशी चाळीस हजार डॉलरांहून अधिक लागतात आणि तरी वर्षे जातातच. तिथे तीन किंवा पाच वर्षांचा ‘८७०’ क्रमांकाचा व्हिसा आहे, तो महाग असला तरी हाती लागण्यासारखा आहे. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांचा पालकांचा व्हिसा सुरू केला. ब्रिटनमध्ये २०१२ पासून दार जवळजवळ बंद आहे: रोजची कामे करायलाही दुसऱ्याची मदत लागते आणि ती भारतात पैसे देऊनही मिळत नाही, असे सिद्ध करावे लागते. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून, त्या तारखेनंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या आई-वडिलांसाठी वाट मोकळी केली. मात्र म्हाताऱ्या माणसाला तिथला आरोग्य विमा मिळवणे हीच खरी परीक्षा.

दुबईकडची गोष्ट निराळी. तिथे मुलगा स्वतः आई-वडिलांना प्रायोजित करतो, वर्षावर्षाने नूतनीकरण होते आणि त्याचा पगार बऱ्यापैकी मोठा असावा लागतो; साधारणपणे महिना वीस हजार दिरहमच्या आसपासची अट सांगितली जाते. दोघांना मिळूनच प्रायोजित करायचे असते. एकच जण असेल तर दुसऱ्याच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद लागतो. हा दाखला साधा झेरॉक्स चालत नाही. त्यावर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, अशी साखळी पुरी करावी लागते. वडील वारलेल्या घरांनी याची तयारी पहिल्यांदा करावी; ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदीत नाव ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असा घोळ निघाला, की सगळी साखळी तिथेच तुटते.

आणि हाच खरा मुद्दा आहे. अर्ज कोणत्याही देशाचा असो, नाते सिद्ध करायचे असते. ते सिद्ध होते मुलाच्या जन्मदाखल्याने, कारण त्यावर आई-वडिलांची नावे असतात. म्हणजे कागद लागतो मुलाचा, आणि तुमची नावे त्याच्याशी जुळावी लागतात. समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एका आजींचा शाळेचा दाखला ‘सुमन दगडू आव्हाड’ असा आहे. लग्नानंतर आधारवर ‘सुमनबाई भानुदास सानप’. मुलाच्या जन्मनोंदीत आईचे नाव नुसते ‘सुमन’, आणि बाळाचे नाव नाहीच, फक्त ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले. मतदार ओळखपत्रावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे. गावात या बाईला सगळे ओळखतात. मुंबईतल्या वकिलातीत बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र या चार वेगवेगळ्या बायका दिसतात.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. आधी मुलाच्या भारतीय पासपोर्टचे शेवटचे पान पाहा. तिथे आई-वडिलांची नावे छापलेली असतात. परदेशात त्याच्या ज्या ज्या अर्जात तुमची नावे गेली असतील, ती बहुधा तिथूनच गेलेली आहेत. ते स्पेलिंग प्रमाण धरा आणि तुमचा पासपोर्ट त्याच्याशी जुळेल असे बघा. मग मुलाचा जन्मदाखला: नाव घातलेले नसेल तर निबंधकाकडे, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा नगर महापालिकेत अर्ज करून घालून घ्या. जुन्या नोंदीत नाव घालायची मुदत सरकार अधूनमधून वाढवून देते, त्याची चौकशी करा. आईच्या नावातली चूकही त्याच कार्यालयात दुरुस्त होते. जिथे दुरुस्ती शक्य नाही, तिथे ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून घ्या. नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेणे सर्वांत पक्के. पासपोर्ट काढताना पहिले नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरा. जुन्या बायकांच्या पासपोर्टवर नुसते ‘कौसाबाई’ असे एकच नाव असते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून अमिरात असा एकनावी पासपोर्ट भेटीच्या व्हिसाला घेत नाही.

आता आई-वडिलांच्या स्वतःच्या जन्माचा पुरावा. साठीच्या पुढच्या बहुतेकांकडे तो नसतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या जन्मांच्या नोंदी अनेक गावांत नाहीत, हे अमेरिकेच्या वकिलातीलाही ठाऊक आहे. अशा वेळी जन्मगावच्या निबंधकाकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आणि वयाने मोठ्या, जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. नवा उशिरा नोंदवलेला दाखला काढण्याच्या मागे लागू नका. त्यासाठी आता दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, वेळ जातो, आणि सत्तर वर्षांच्या माणसाचा कालपरवा काढलेला दाखला पाहून संशय उलट वाढतो. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली ‘एक जून’ ही जन्मतारीख आपल्याकडे घरटी सापडते. नवरा-बायको दोघेही एक जूनचे, हेही नवे नाही. ती तशीच राहू द्या. सगळ्या कागदांवर तीच असली म्हणजे झाले.

लग्नाची नोंद नसेल तर ती आता करून घ्या, चाळीस वर्षांनी करता येते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत. साक्षीदार, लग्नपत्रिका किंवा तिच्याऐवजी प्रतिज्ञापत्र, आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही विचारतात. भटजी हयात नसतात, याचीही वाट त्यांच्याकडे असते. आधी जाऊन यादी घेऊन या. दाखला इंग्रजीतही मागा.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यामुळे जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान किंवा पत्ता ‘अहमदनगर’ आणि नव्या दाखल्यांवर ‘अहिल्यानगर’ असे चित्र आता घरोघरी आहे. नुसत्या एवढ्यासाठी मुदतीतला पासपोर्ट बदलायला धावू नका. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर आहे तेच जन्मस्थान लिहा. नामांतराच्या अधिसूचनेची एक प्रत फायलीत ठेवा, विचारले तर दाखवा. पासपोर्ट नवा काढायचाच असेल तर नगरला टपाल खात्याच्या जागेतले पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला जायची गरज सहसा पडत नाही. साठ वर्षांवरच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत आहे. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत उरेल असे बघा.

पैशाच्या पुराव्यात आपल्याकडची अडचण वेगळी आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या शेतकऱ्याचा पैसा सहकारातूनच फिरतो: उसाचे बिल कारखान्याकडून जिल्हा बँकेत, दुधाचा पगार दूध संघाकडून, ठेव पतसंस्थेत. ही पावती मराठीत, शिक्का पुसट, आणि परदेशी अधिकाऱ्याला पतसंस्था म्हणजे काय हेच ठाऊक नाही. तेव्हा संस्थेच्या लेटरहेडवर ठेवीची रक्कम, तारीख आणि व्याज लिहिलेले इंग्रजी पत्र घ्या. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे ऑनलाइन मिळतात, त्यांचे भाषांतर करून नोटरी करून घ्या. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून विवरणपत्र भरलेले नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि उसाची दोन-तीन हंगामांची बिले ती जागा भरून काढतात. निवृत्त शिक्षकांनी पेन्शनचे खाते दाखवावे, त्याहून सोपा पुरावा नाही. अर्जाच्या आठवड्यात भावाकडून पाच लाख आणून खात्यात टाकायचे आणि महिन्याने परत द्यायचे, हा उद्योग करू नका. खातेउतारा सहा महिन्यांचा मागतात आणि अशी उडी पहिल्या नजरेत दिसते.

एजंटाकडून अर्ज भरून घ्यायला हरकत नाही. पण तो अर्ज तुमच्या नावाने जातो. त्याने खोटी नोकरी, खोटे खाते दाखवले तर पकडले जाणार तुम्ही. अमेरिकेत खोटेपणाला आजन्म बंदी होऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षे, कॅनडात पाच. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाचा ‘डीएस-१६०’ हा अर्ज पाठवण्याआधी मुलाला फोनवर घेऊन प्रत्येक रकाना मराठीत वाचून घ्या. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लपवू नका. त्यांच्याकडे नोंद असतेच.

अमेरिकेच्या बी-२ साठी माणशी १८५ डॉलर शुल्क आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. आधी केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. नगरच्या तारकपूर स्थानकाहून रात्रीच्या एसटीने निघून सकाळी थेट रांगेत उभे राहायचे, हा बेत साठीच्या माणसाला झेपत नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठा, नातेवाइकाकडे मुक्काम करा. आत मोबाइल आणि पिशव्या नेता येत नाहीत, तेव्हा बाहेर थांबायला कोणीतरी सोबत असू द्या.

मुलाखत मराठीत देता येते. अर्जात भाषा मराठी निवडा आणि इंग्रजीच्या भीतीने अर्धवट उत्तरे देऊ नका. अमेरिकेचा कायदा असे गृहीत धरतो, की प्रत्येक जण तिकडेच राहायला निघालाय. उलट सिद्ध करायचे ते तुम्ही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि बऱ्याचदा फाईल उघडायलाही सांगत नाहीत. मुलगा कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, काय काम करतो. तुम्ही किती दिवसांसाठी निघालात. खर्च कोण करणार. इथे मागे कोण आहे. एवढेच विचारतात. ‘दुसरा मुलगा इथे शेती बघतो, नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते, तेव्हा परत यायचे आहे’ हे उत्तर कागदाच्या गठ्ठ्याहून वजनदार. सुनेचे बाळंतपण हे जायचे खरे कारण असेल तर खुशाल सांगा. मात्र ‘ती नोकरीला जाते म्हणून बाळ सांभाळायला चाललोय’ असे म्हटले, की अधिकाऱ्याच्या कानात ते काम म्हणून शिरते. ब्रिटनच्या नियमांत तर स्पष्टच आहे: भेटीला आलेल्या आजीने नातवाकडे बघायला हरकत नाही, पण ती दाई म्हणून नोकरीला ठेवल्यासारखी नसावी. आजीला हा फरक हास्यास्पद वाटेल. तरी तिथे तो पाळावा.

विमा घेताना बीपी, शुगर, बायपास काही लपवू नका. जुन्या आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. त्यातला अचानक उद्भवणारा भाग तरी धरलाय का, हे वाचून घ्या. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

निघण्याआधी घरची कामे उरकताना सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे मोबाइलचे सिम. बँक, आधार, पीएम-किसान, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर बंद पडतो आणि दुसऱ्याला दिला जातो. परदेशात एसएमएस येईल एवढे रोमिंग सुरू ठेवा. पेन्शनधारकांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा ते कोषागारात विचारून जावे. मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा भारतीय वकिलातीत जाऊन तो देता येतो. ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करावी लागते, म्हणून ती कोण करणार हे आधी ठरवा. जमिनीच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र करायचे तर इथे असतानाच नोंदवून द्या. तिकडून केले तर आधी वकिलातीत साक्षांकन आणि इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा दुहेरी व्याप होतो. कायमचे जाणाऱ्यांनी बँक खाते अनिवासी म्हणजे एनआरओ करून घ्यायला हवे. आहे ती शेतजमीन नावावर राहते, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारच्याचा बांधालगतचा तुकडा घ्यायचा विचार असेल तर तो जाण्याआधी करा.

अमेरिकेत उतरल्यावर एक काम मुलाकडून त्याच आठवड्यात करून घ्या. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी या खेपेला कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख ‘आय-९४’ या ऑनलाइन नोंदीत असते. ती छापून पासपोर्टमध्ये ठेवा. आजारपणामुळे किंवा बाळंतपण लांबल्याने जास्त राहावे लागणार असेल, तर मुदतवाढीचा ‘आय-५३९’ अर्ज त्या तारखेच्या आधी गेला पाहिजे. परतीचे तिकीटही त्याच तारखेच्या अलीकडचे काढा.